कोलेस्टेरॉल वाढलंय? गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड तपासा

तपासणीचा रिपोर्ट हातात येतो, एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) आकड्यासमोर ‘जास्त’ असं छापलेलं असतं आणि दोन मिनिटांत सगळं ठरून जातं: तळलेलं बंद, चालणं सुरू, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू. या घाईत एक साधा प्रश्न विचारायचा राहतो. टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्तचाचणी) केला का?

थायरॉइड मंदावला की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, हे वैद्यकीय नियतकालिकांत १९३० सालीच नोंदलं गेलं आहे. टीएसएचची चाचणी उपलब्ध होण्याआधी डॉक्टर कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून थायरॉइड मंद असल्याचा अंदाज बांधत असत. आज चाचणी सहज होते, तरी हा दुवा विसरला जातो. मग कोणी वर्षानुवर्षं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेतो, आकडा हवा तसा उतरत नाही, अंग दुखत राहतं आणि मूळ कारण गळ्यातल्या त्या छोट्या ग्रंथीत तसंच पडून राहतं. याउलटही घडतं. टीएसएच जरासा वाढलेला दिसला की सगळं खापर थायरॉइडवर फोडलं जातं आणि खरोखर उपचार लागणारं कोलेस्टेरॉल दुर्लक्षित राहतं. दोन्ही चुका टाळायच्या तर तपासण्या आणि उपचार योग्य क्रमाने व्हायला हवेत. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

आधी समजून घ्या: शरीरात काय बिघडतं?

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. ते लायपोप्रोटीन नावाच्या सूक्ष्म कणांमध्ये बसून फिरतं. यकृत व्हीएलडीएल नावाचे कण रक्तात सोडतं. त्यांच्यात मुख्यतः ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) असतं. वाटेत ते उतरवत उतरवत हे कण लहान होतात, मधल्या टप्प्यावर त्यांना ‘अवशेष कण’ म्हणतात आणि शेवटी त्यांचे एलडीएल होतात. एलडीएलचं काम संपलं की यकृताच्या पेशी त्याला पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने पकडून आत ओढतात आणि मोडीत काढतात. या रिसेप्टरचा शोध आणि त्यामागचं सगळं गणित मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी उलगडलं. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

थायरॉइडचा संबंध नेमका इथे येतो. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ हे संप्रेरक बनवते. पेशींमध्ये त्याचं टी३ होतं आणि प्रत्यक्ष काम हे टी३ करतं. यकृताच्या पेशीत ते केंद्रकापर्यंत पोहोचतं आणि एलडीएल रिसेप्टर बनवणारं जनुक चालू ठेवतं. टी३ कमी पडलं की रिसेप्टर कमी बनतात. जो एलडीएल कण एरवी साधारण दोन-तीन दिवसांत रक्तातून काढून घेतला गेला असता, तो त्याहून जास्त काळ फिरत राहतो. जितका जास्त काळ तो फिरेल, तितकी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरण्याची आणि तिथे ऑक्सिडाइज होण्याची संधी त्याला जास्त मिळते. भरीस भर म्हणजे पीसीएसके९ हे प्रथिन. ते रिसेप्टर नष्ट करायला मदत करतं आणि मंद थायरॉइडमध्ये त्याचं प्रमाणही वाढलेलं आढळतं.

इथे एक गोष्ट अनेकांना चकित करते. मंद थायरॉइडमध्ये यकृत नवीन कोलेस्टेरॉल कमीच बनवतं. कोलेस्टेरॉल बनवणारं मुख्य एन्झाइम, म्हणजे स्टॅटिन ज्याला अडवतं तेच, टी३ कमी झालं की थंडावतं. तरीही रक्तातला आकडा चढतो. नळाची धार बारीक झालेली असते, पण मोरी त्याहून जास्त तुंबलेली असते. म्हणून ‘मी खातो तरी किती, तरी कोलेस्टेरॉल का वाढतं?’ असं म्हणणाऱ्या थायरॉइडच्या रुग्णाची तक्रार खरी असते. त्याच्या खाण्यावर संशय घेण्याआधी निचरा तपासायला हवा.

निचऱ्याची दुसरी वाट पित्तातून जाते. यकृत कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर करून ते आतड्यात सोडतं. शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याचा हा महत्त्वाचा मार्ग आहे. हे रूपांतर करणारं एन्झाइमही टी३ अभावी मंदावतं. शिवाय आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याचं प्रमाण वाढतं.

ट्रायग्लिसराइडचं काय? रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते कणांमधलं ट्रायग्लिसराइड उतरवून घेतं. मंद थायरॉइडमध्ये त्याचा वेग घटतो, यकृतातल्या लायपेजचाही घटतो. मग ट्रायग्लिसराइड मध्यम प्रमाणात वाढतात आणि अवशेष कण रक्तात रेंगाळतात. बहुतेकांमध्ये ही वाढ फार मोठी नसते. पण काही जणांना जन्मतःच एपीओई२ या प्रकारच्या जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या असतात. अशांचा थायरॉइड मंदावला तर अवशेष कण प्रचंड साठू शकतात. एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही ३०० च्या (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर; लिपिडचे पुढचे आकडेही याच मापात) वर जातात आणि तळहाताच्या रेषांमध्ये पिवळसर-नारिंगी पट्टे उमटतात. तळहाताच्या रेषा पिवळ्या दिसत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. ही खूण फार थोड्या आजारांत दिसते.

एचडीएलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे हमखास फसगत होते. एचडीएलमधून कोलेस्टेरॉल इतर कणांकडे पोचवणारं सीईटीपी हे प्रथिन मंद थायरॉइडमध्ये कमी काम करतं. त्यामुळे एचडीएलचा आकडा नॉर्मल राहतो, कधी चक्क वाढलेला दिसतो. ‘चांगलं कोलेस्टेरॉल ६० आहे, मग काय घाबरायचं?’ असं म्हणून अनेकजण निश्चिंत होतात. हा वाढीव आकडा उलाढाल थंडावल्यामुळे आलेला असतो, तो संरक्षणाची हमी देत नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचं गुणोत्तर बघून निष्कर्ष काढायची सवय इथे बाजूला ठेवावी.

लायपोप्रोटीन-ए हा आणखी एक कण. त्याचं प्रमाण बहुतांशी जनुकांवर ठरतं, पण थायरॉइड बराच मंद असेल तर तेही वाढतं आणि उपचारांनंतर काहीसं उतरतं. म्हणून ही चाचणी करायची असेल तर शक्यतो थायरॉइड जागेवर आल्यावर करा. आयुष्यात बहुधा एकदाच केली जाणारी चाचणी चुकीच्या वेळी कशाला करायची?

हे सगळं किती जणांमध्ये होतं? मेयो क्लिनिकने १९९३ साली हायपोथायरॉइडिझमच्या (मंद थायरॉइडच्या) २९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लिपिड (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरेंचे आकडे) पूर्ण नॉर्मल असलेले फक्त ८.५ टक्के होते. ५६ टक्क्यांमध्ये नुसतं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं आणि ३४ टक्क्यांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही. थोडक्यात, थायरॉइड खरोखर मंद असेल तर लिपिड बिघडणं हा नियम आहे.

पायरी १: जुने रिपोर्ट शोधा आणि टीएसएच कोणाला हवा ते ठरवा

पहिलं काम घरातच होतं. गेल्या तीन-चार वर्षांचे लिपिडचे रिपोर्ट तारखेनुसार लावा. एलडीएल वर्षानुवर्षं १५० च्या आसपास असेल तर गोष्ट वेगळी, आणि ११० वरून एका वर्षात १८० वर उडी असेल तर गोष्ट वेगळी. वजन, आहार, औषधं यांत मोठा बदल नसताना आलेली अशी उडी थायरॉइडकडे बोट दाखवते.

माझ्या मते कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच वाढलेलं आढळलेल्या प्रत्येकाचा टीएसएच व्हायला हवा. उपचाराआधी दुय्यम कारणं तपासावीत असं लिपिडविषयक मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात आणि त्या यादीत थायरॉइड असतोच. पण काही परिस्थितींत तर ही चाचणी अजिबात टाळू नका: स्टॅटिन नियमित घेऊनही एलडीएल अपेक्षेइतकं उतरत नसेल, स्टॅटिन सुरू केल्यावर स्नायू दुखू लागले असतील, रक्ताच्या नात्यात थायरॉइडचा आजार असेल, टाइप १ मधुमेह किंवा दुसरा एखादा ऑटोइम्यून आजार असेल, मानेला किरणोपचार झाले असतील किंवा लिथियम, अमिओडारोन यांसारखी औषधं चालू असतील. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो. बाळंतपणानंतरचं वर्ष आणि पन्नाशीनंतरचा काळ विशेष लक्ष देण्याचा.

लक्षणांवर फार विसंबू नका. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, सूज, मंद नाडी ही लक्षणं खरी आहेत, पण ती हळूहळू येतात आणि माणूस ती वयाच्या किंवा कामाच्या ताणाच्या खात्यात टाकतो. लक्षणं नाहीत म्हणून थायरॉइड ठीक आहे असं धरून चालू नका.

पायरी २: तपासणी नीट करून घ्या

टीएसएचसोबत फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) मागा. टीएसएच मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. थायरॉइड मंदावला की पिट्यूटरी जास्त जोर लावते आणि हा आकडा वाढतो. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा छापलेली असते. मात्र दोष पिट्यूटरीतच असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइडचं संप्रेरक कमी असू शकतं. तेव्हा फ्री टी४ वरूनच कळतं.

रक्त द्यायला जाताना चार गोष्टी सांभाळा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर किमान दोन दिवस आधी त्या थांबवा. जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे काही पद्धतींच्या चाचण्यांत टीएसएच खोटा कमी दिसतो आणि खरा आजार झाकला जातो. थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त देऊन झाल्यावर घ्या. ताप, दवाखान्यात भरती, मोठं आजारपण अशा काळात, निकड नसेल तर, तपासणी पुढे ढकला, कारण आजारपणात थायरॉइड आणि लिपिड दोन्हीचे आकडे हलतात. आणि पुढच्या वेळी तुलना करायची असेल तर शक्यतो तीच वेळ, तीच प्रयोगशाळा.

लिपिडसाठी उपाशीपोटी जाणं आता दर वेळी बंधनकारक मानलं जात नाही. पण ट्रायग्लिसराइड जास्त निघाले तर उपाशीपोटी पुन्हा करावं. बऱ्याच रिपोर्टांमधलं एलडीएल मोजलेलं नसतं, सूत्राने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही.

पायरी ३: दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा

समजा, एका व्यक्तीचा टीएसएच ४८ आहे आणि फ्री टी४ मर्यादेच्या खाली. एकूण कोलेस्टेरॉल ३१२, ट्रायग्लिसराइड २०५, एचडीएल ५२. सूत्र लावा: ३१२ वजा ५२ वजा ४१, म्हणजे एलडीएल २१९. एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसतं एचडीएल वजा केलं तर नॉन-एचडीएल येतं २६०. मंद थायरॉइडमध्ये मला हा दुसरा आकडा जास्त उपयोगी वाटतो, कारण रेंगाळणारे अवशेष कणही त्यात धरले जातात. नुसत्या एलडीएलवरून ते कळत नाहीत. इथे थायरॉइड उघडपणे मंद आहे आणि एलडीएलमधला बराच हिस्सा त्याचा असण्याची दाट शक्यता आहे.

आता दुसरा रिपोर्ट. टीएसएच ६.८, फ्री टी४ नॉर्मल, एलडीएल १६८. याला सबक्लिनिकल म्हणजे सौम्य, सुप्त अवस्था म्हणतात. टीएसएच आणि एलडीएल दोन्ही वाढलेले दिसतात म्हणून एकामुळे दुसरं असं लगेच जोडू नका. या १६८ पैकी थायरॉइडचा वाटा लहान असण्याचीच शक्यता जास्त.

तिसरा प्रकार म्हणजे टीएसएच २.५, फ्री टी४ नॉर्मल, एलडीएल २१०. इथे थायरॉइडचा विषय संपला. कारण दुसरीकडे शोधायचं: आनुवंशिकता, मूत्रपिंडातून प्रथिन जाणं, पित्तमार्गातला अडथळा, चालू असलेली औषधं.

पायरी ४: थायरॉइड उघडपणे मंद असेल तर उपचारांचा क्रम

पहिल्या रिपोर्टसारखी स्थिती असेल तर लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) आधी. बहुतेकांच्या बाबतीत स्टॅटिनचा निर्णय थांबू शकतो. याची दोन कारणं आहेत. एक तर थायरॉइड जागेवर आला की एलडीएल किती उरेल हे आज सांगता येत नाही, आणि जितका बिघाड मोठा तितकी घट मोठी असते. दुसरं कारण स्नायूंचं आहे. मंद थायरॉइडमुळे स्नायू आधीच अशक्त असतात, रक्तातलं सीके हे एन्झाइम स्टॅटिनशिवायही वाढलेलं असू शकतं. अशा वेळी स्टॅटिनची भर पडली तर स्नायूदुखीचा धोका वाढतो आणि क्वचित स्नायूपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडाला इजा होते. स्टॅटिनने त्रास झाला म्हणून ती कायमची सोडणाऱ्यांनी निदान एकदा टीएसएच बघून घ्यावा. थायरॉइड दुरुस्त झाल्यावर तेच औषध चालण्याची शक्यता बरीच असते.

पण हे ‘थांबू शकतो’ सर्वांना लागू नाही. हृदयविकाराचा झटका, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर स्टॅटिन एका दिवसासाठीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. थायरॉइड मंद निघाला तरी नाही. तिथे दोन्ही उपचार डॉक्टर एकत्र सांभाळतात. कुटुंबात कमी वयात हृदयविकार असेल आणि एलडीएल १९० च्या पुढे असेल तरी वाट बघण्याचा निर्णय आपला आपण घ्यायचा नाही.

लेव्होथायरॉक्सिनची पूर्ण मात्रा प्रौढांमध्ये साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम असते. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला जवळपास १०० मायक्रोग्रॅम. तरुण आणि निरोगी हृदयाच्या व्यक्तीला ती बऱ्याचदा सुरुवातीपासून देता येते. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला मात्र १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. संप्रेरक मिळू लागलं की हृदयाचे ठोके आणि त्याची ऑक्सिजनची गरज वाढते. वाहिन्या आधीच अरुंद असतील तर छातीत दुखू शकतं. ‘माझ्या शेजाऱ्याला १०० आहे, मला २५ च का?’ याचं उत्तर हे आहे. डॉक्टर मुद्दाम सावकाश जात असतात.

पायरी ५: गोळी अंगी लागेल अशी घ्या

लिपिड न सुधारण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे गोळी पोटात जाते पण पुरेशी शोषली जात नाही. म्हणून हे काटेकोर पाळा:

- गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. त्यानंतर ३० ते ६० मिनिटं काही खाऊ नका. कॉफीही नको, तिने शोषण घटतं.
- सकाळी जमत नसेल तर रात्री झोपताना चालेल, पण शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी.
- लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किमान चार तासांच्या अंतराने. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा हे दोन्ही असतात.
- कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टिरॅमिन किंवा कोलेसेव्हेलाम चालू असेल तर तेच अंतर कटाक्षाने ठेवा. ही औषधं आतड्यात थायरॉइडची गोळीही धरून ठेवतात.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगतो. कोलेस्टेरॉल कमी करायला दिलेलं औषध थायरॉइडची गोळी अडवतं, त्याने टीएसएच वाढतो आणि कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं. दोन औषधं दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिली असतील तर हे चक्र महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवा, विनाचिठ्ठीच्या गोळ्यांसकट.

पायरी ६: वाट बघा आणि मग मोजा

लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं आहे. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी करायचा. पंधरा दिवसांत केलेली चाचणी दिशाभूल करते. लिपिडचा फेरतपास टीएसएच मर्यादेत आल्यावर, सर्वसाधारणपणे उपचार सुरू झाल्यापासून तीनेक महिन्यांनी. मात्रा हळूहळू वाढवली जात असेल तर आणखी थांबावं लागेल.

पहिल्याच व्यक्तीचं उदाहरण पुढे नेऊ. समजा तिचा टीएसएच आता ३.१ आहे. एकूण कोलेस्टेरॉल २०८, ट्रायग्लिसराइड १३०, एचडीएल ५०. एलडीएल आलं १३२, नॉन-एचडीएल १५८. एचडीएल दोनने घटलं म्हणून हळहळण्याचं कारण नाही, उलाढाल पूर्ववत झाली की असं होतं. उरलेलं १३२ हे तिचं स्वतःचं एलडीएल. स्टॅटिन लागेल का, याचा हिशेब आता करायचा: वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कुटुंबाचा इतिहास हे सगळं धरून. हाच हिशेब २१९ वर केला असता तर उत्तर वेगळं आलं असतं आणि कदाचित आयुष्यभराची गोळी चुकीच्या आधारावर सुरू झाली असती.

फेरतपासात एलडीएल १८०-१९० च्या वरच राहिलं तर आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा विचार करावा लागतो. त्यात बहुधा एलडीएल रिसेप्टरचं जनुकच सदोष असतं. थायरॉइडने कितीही आज्ञा दिली तरी रिसेप्टर पुरेसे कामाला येत नाहीत. टाचेमागच्या जाड, दोरीसारख्या स्नायुबंधावर गाठी, पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरं कडं, भावंडांमध्ये किंवा आईवडिलांमध्ये लवकर आलेला हृदयविकार या त्याच्या खुणा. अशा व्यक्तीच्या मुलांचंही कोलेस्टेरॉल तपासायला हवं.

पायरी ७: टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तेव्हा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान, फ्री टी४ नॉर्मल. पहिलं काम म्हणजे दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणं, कारण अनेकांचा आकडा आपोआप मर्यादेत परततो. दुसऱ्यांदाही वाढलेला असेल तर टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडवर हल्ला करणारी प्रतिद्रव्यं) बघतात. त्या असतील तर पुढे आजार उघड होण्याची शक्यता जास्त.

या टप्प्यावर लेव्होथायरॉक्सिनने एलडीएल किती उतरतं? अनेक अभ्यास एकत्र करून २००० साली काढलेली सरासरी घट साधारण १० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर होती. म्हणजे १६८ चं १५८. हा फरक कमी नाही, पण ज्याला खरोखर उपचार हवेत त्याला पुरेसाही नाही. त्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीने ‘थायरॉइडची गोळी सुरू केलीय, स्टॅटिन नको’ असं ठरवणं धोक्याचं आहे.

टीएसएच १० च्या वर सतत राहिला की पारडं झुकतं. २०१० साली ५५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. त्यात हृदयविकाराचा वाढीव धोका प्रामुख्याने टीएसएच १० आणि त्यापुढे असणाऱ्यांमध्ये दिसला. त्यामुळे तिथे उपचाराकडे कल असतो. वयस्करांचं गणित मात्र निराळं. वयानुसार टीएसएच थोडा वाढतोच. ६५ च्या पुढच्या ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात सौम्य अवस्थेत लेव्होथायरॉक्सिन देऊन थकवा किंवा इतर लक्षणांत फरक पडला नाही. ऐंशीच्या घरातल्या व्यक्तीचा टीएसएच ६ आहे म्हणून गोळी सुरू करा असा आग्रह कुटुंबीयांनी धरू नये.

पायरी ८: पुढची वर्षं

मात्रा स्थिरावली की टीएसएच वर्षातून एकदा पुरतो. मधेच एलडीएल अचानक वाढलं तर स्टॅटिनची मात्रा वाढवण्याआधी पुन्हा टीएसएच करा आणि स्वतःला विचारा: गोळ्या चुकल्या का, कॅल्शियम किंवा लोह नव्याने सुरू झालं का, गोळीचा ब्रँड बदलला का, वजनात मोठा फरक पडला का, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू झाल्या का? यातलं काहीही थायरॉइडच्या गोळीची गरज बदलू शकतं.

गर्भधारणेत कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्याच वाढतं, तेव्हा लिपिडच्या आकड्याने घाबरू नका. थायरॉइडच्या गोळीची गरज मात्र २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकते आणि ती लवकर भागवणं बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचं. गर्भ राहिल्याचं कळताच टीएसएच करा आणि स्टॅटिन चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

आता एक मोह टाळायचा. थायरॉइडच्या गोळीने कोलेस्टेरॉल उतरतं ना, मग जरा जास्तच घेतली तर? हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉइडसदृश औषध दिलं गेलं. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागल्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध थांबवावं लागलं. जास्तीच्या संप्रेरकाने ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. टीएसएच मर्यादेच्या खाली ढकलून मिळवलेलं कमी एलडीएल फार महाग पडतं.

यकृतातला थायरॉइड रिसेप्टर मुख्यतः बीटा प्रकारचा आणि हृदयातला अल्फा प्रकारचा असतो. या फरकाचा फायदा घेऊन फक्त बीटावर काम करणारी औषधं शोधली गेली. त्यातलं रेसमेटिरोम हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते यकृतातल्या चरबीजन्य दाह आणि तंतुमयतेसाठी. त्याने एलडीएलही उतरतं. मंद थायरॉइडवर मात्र तो उपचार नाही, लेव्होथायरॉक्सिनची जागा ते घेत नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

लेव्होथायरॉक्सिन सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर छातीत दुखणं, धाप लागणं, ठोके अनियमित किंवा फार जलद जाणवणं. स्टॅटिन चालू असताना स्नायूंमध्ये तीव्र वेदना किंवा अशक्तपणा आणि लघवी गडद तपकिरी होणं. थायरॉइड मंद असल्याचं माहीत असलेल्या, विशेषतः गोळी सोडलेल्या व्यक्तीला गुंगी येणं, अंग थंडगार पडणं, बोलण्यात गोंधळ होणं. यांपैकी काहीही झालं तर पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि सोबत चालू औषधांची यादी न्या.